सुळ्याशेजारचा दात

दातारांचं आडनाव दातार नव्हतं. परदेशात येऊन तीन महिने झाले असतील, तिथल्या मराठी मंडळींनी त्यांना जेवायला बोलावलं. पानं वाढली जात होती तेव्हा कुणीतरी विचारलं, "आपण काय करता?" ते म्हणाले, "कवळ्या." विचारणाऱ्याने जरा वाट पाहिली. पुढे काही येत नाही असं दिसल्यावर तो म्हणाला, "म्हणजे तुम्ही आमचे दातार!" सगळे हसले आणि नाव चिकटलं. त्या शहरात मराठी घरं साडेचार होती. अर्धं घर म्हणजे जिथे नवरा मराठी होता आणि बायकोला फक्त 'पुरे' एवढाच शब्द येत होता. खरं आडनाव पासपोर्टवर राहिलं आणि खालच्या पत्रपेटीवर. पत्रपेटीवर तेही चुकीचं लिहिलेलं होतं. दातारांनी अकरा वर्षं ते दुरुस्त केलं नाही. पत्रं येत होती, मग कशाला कुणाला त्रास द्या.

त्यांच्या बायकोला सगळे बाई म्हणत. तिकडे आपल्या गावी त्या शाळेत गणित शिकवायच्या. लग्नानंतर दातार चेष्टेने बाई म्हणू लागले. पुढे चेष्टा विरली आणि बाई तेवढ्या राहिल्या. नवऱ्यामागे परदेशी आल्यावर त्या आपलं शिक्षिकेचं सर्टिफिकेट घेऊन इथल्या ऑफिसात गेल्या. खिडकीतल्या माणसाने ते पाहिलं, उलटं करून मागे काही लिहिलंय का तेही पाहिलं, आणि अतिशय नम्रपणे परत दिलं. बाईंनी घरी येऊन ते सुटकेसच्या तळाशी ठेवलं आणि दोन दिवस भांडी जरा जोरात घासली.

मग त्यांना नोकरी मिळाली ती रेल्वेच्या हरवलेल्या सामानाच्या ऑफिसात. तिथेच त्या इथली भाषा शिकल्या. दिवसभर लोक येऊन आपापल्या छत्रीचं वर्णन करत. रंग कोणता, मूठ कशी, कुठे बसला होतात, शेवटची कधी पाहिलीत. वर्षभरात बाई अशा अस्खलित बोलू लागल्या की कुणाला वाटावं, इथेच जन्मल्या. फक्त बोलण्याचा सूर चौकशीचा झाला. बेकरीत पाव घेतानासुद्धा त्या अशा विचारत, की बेकरीवालीला वाटे, पाव आधी यांचाच होता.

दातारांची भाषा मात्र पुढे सरकेना. ते कामाला होते तळघरातल्या एका लॅबमध्ये. शहरातले दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेत आणि इथे पाठवत. मापासोबत एक चिठ्ठी, चिठ्ठीवर एक नंबर. दातार त्या मापात प्लास्टर ओतून जबडा करत, मेणात एकेक दात लावत, मग पक्की कवळी करून चकचकीत करत आणि डबीत घालून परत पाठवत. तळघराला वरच्या बाजूला एक लांबट खिडकी होती. तिच्यातून रस्त्याने जाणाऱ्यांचे पाय दिसत. म्हणजे ज्या लोकांचे दात दातार करत, त्यांचे फक्त बूट त्यांना दिसत.

हातात कसब मात्र असं, की बघत राहावं. लॅबमध्ये बाकीचे लोक पुढचे सहा दात शाळेतल्या कवायतीसारखे ओळीत उभे करत. दातार डावीकडच्या सुळ्याशेजारचा दात जरासा तिरका लावत. एवढुसा. पहिल्यांदा केला तेव्हा लॅबच्या मालकाने विचारलं, "हे काय?" दातार म्हणाले, "सगळे सरळ असले की खोटे वाटतात." हे त्यांचं त्या वर्षातलं सगळ्यात लांब वाक्य होतं. मालकाने कवळी उजेडात धरली, फिरवून पाहिली आणि परत दिली. त्यानंतर त्या शहरात दर वर्षी शे-दीडशे माणसं एक दात तिरका घेऊन हिंडू लागली.

दोघांना मूल नव्हतं. आधी वाईट वाटलं, मग सवय झाली, मग प्रवास सुरू झाला. दर वर्षी लग्नाच्या वाढदिवसाला तीन दिवस कुठेतरी जायचं, असं बाईंनी ठरवलं. दातारांनी मान हलवली. ती हो अशी हलली की नाही अशी, याची चौकशी बाईंनी केली नाही.

प्रवासात दातार बाहेर बघत नसत. समोरच्या सीटवर कोण बसलंय ते बघत. एकदा डोंगरात जाणाऱ्या गाडीत खिडकीबाहेर दरी, दरीत धबधबा, आख्खा डबा उठून फोटो काढतोय, आणि दातार एका म्हाताऱ्याकडे टक लावून बसलेले. बाईंनी कोपर मारलं. "अहो, धबधबा!"

"ही आपली," दातार हलक्या आवाजात म्हणाले.

"कोण आपली?"

"वरची. मागच्या वर्षीची. दाढेला थोडी उंच झालीय."

बाईंनी धबधब्याचा फोटो काढला. घरी येऊन पाहिलं तर त्यात धबधबा अर्धा आणि कोपऱ्यात दातार, मान ताणून एका अनोळखी माणसाच्या तोंडात बघताहेत. हाच फोटो त्यांनी सासूबाईंना पाठवला. सासूबाईंनी फोन करून विचारलं, "तो एवढा काय बघतोय गं? खायला काही दिलं नाहीस का त्याला?"

लग्नाला वीस वर्षं झाली त्या वर्षी बाईंनी एका तळ्याकाठच्या गावी खोली घेतली. वीसचा आकडा आहे, जरा साजरं करू म्हणून एक नवी साडी आणि एक लिपस्टिकही घेतली. लिपस्टिक त्या एरवी लावत नसत. दुकानातल्या मुलीने मनगटावर पाच रंग ओढून दाखवले, बाईंनी मधला निवडला. पाचांत मधलं घ्यावं, फारसं चुकत नाही, हा त्यांचा गणितातला अनुभव होता.

ते घर एका विधवा म्हातारीचं होतं. वर चार खोल्या भाड्याला, खाली ती स्वतः. पहिल्या दिवशी सकाळी सगळे पाहुणे नाश्त्याला बसले. मालकीणबाई चहा ओतत होती, विचारपूस करत होती, पण बोलताना हात तोंडावर. हसायची वेळ आली की पाठ फिरवायची. स्वतः कोपऱ्यात बसली आणि पावाचा तुकडा चहात बुडवून, पार लिबलिबीत करून खाऊ लागली.

दातारांचा कप हवेतच थांबला.

"नको," बाई म्हणाल्या.

"मी काही बोललो का?"

"बोलणार आहात. आज आपला लग्नाचा वाढदिवस आहे. आपण नावेत बसायला जाणार आहोत. तिच्या तोंडाकडे बघू नका."

"माझी आहे."

"असू दे."

"दुखतेय तिला, बाई. डावीकडे घासच नेत नाहीये."

ते नावेत बसले. तळं निळंशार होतं, पलीकडे डोंगर होते, नावाडी दर दोन मिनिटांनी हाताने काहीतरी दाखवत होता. दातार पाण्याकडे बघत होते, पण त्या पाण्यात त्यांना काय दिसत होतं ते बाईंना न सांगता कळत होतं. परतीच्या वाटेवर ते म्हणाले, "मागची कड लांब झाली असणार. माप चुकीचं आलं असेल. पण पाठवली मी. माझ्या हाताने."

"मग तिच्या डॉक्टरकडे जाईल ती."

"गेली असेल ना. दोन वर्षांपूर्वीची आहे ती. तेव्हाच्या दातांचा रंग मला ओळखता येतो."

वीस वर्षांत नवरा एका दिवसात इतकी वाक्यं बोलल्याचं बाईंना आठवत नव्हतं. त्यांनी एक उसासा टाकला. माणूस बोलायला लागलाच आहे, तर ते दातांबद्दल का असेना.

संध्याकाळी त्या खाली स्वयंपाकघरात गेल्या. मालकीणबाई बटाटे सोलत होती. परक्या बाईला तिच्या कवळीबद्दल कसं विचारावं, हे हरवलेल्या सामानाच्या ऑफिसात शिकवलेलं नव्हतं. बाईंनी येत होतं तसंच विचारलं. "तुमचे वरचे दात कधी घेतलेत? रंग जरा पिवळसर, डावीकडचा एक थोडा तिरका. बरोबर?"

मालकीणबाईच्या हातातला बटाटा खाली पडला. "तुम्हाला कसं माहीत?"

"ते माझ्या नवऱ्याने केलेत. त्याला वाईट वाटतंय. सकाळपासून जेवला नाहीये धड. तुम्ही दाखवलेत तर मला बरं पडेल."

म्हातारीने बाईंकडे पाहिलं, मग दारात येऊन उभ्या राहिलेल्या दातारांकडे पाहिलं. दातार घरातल्या मांजरासारखे, आत येऊ की नको अशा बेताने उभे होते. म्हातारी म्हणाली, "डॉक्टरकडे मी दोनदा गेले. तो म्हणाला, सवय होईल. झाली. तोंड झाकायची झाली."

मग तिने पाठ फिरवली, आणि वळली तेव्हा कवळी तिच्या तळहातावर होती.

दातारांनी ती उजेडाखाली नेली. दोन वर्षांनी परत आलेलं आपलं काम त्यांनी असं पाहिलं, जसं माहेरी आलेल्या लेकीकडे पाहावं. बारीक झालीस, म्हणून. मग बाईंना म्हणाले, "जरा रंग लागेल. पुसता येणारा."

"रंग कुठून आणू मी इथे?"

दातार वळले. बाईंच्या ओठांकडे बघत राहिले. वीस वर्षांनी नवरा ओठांकडे बघतोय, आणि तोही लग्नाच्या वाढदिवशी, म्हणून बाई क्षणभर लाजल्या. मग त्यांना कळलं. त्या मुकाट्याने वर गेल्या आणि लिपस्टिक घेऊन आल्या. येताना, न सांगता, नखं घासायची कानसही आणली.

दातारांनी साबणाने हात धुतले. म्हातारीच्या हिरडीवर मागच्या बाजूला लालबुंद चट्टा होता. तिथे त्यांनी लिपस्टिकचा ठिपका लावला, कवळी कोरडी करून बसवली, पुन्हा काढली. आतल्या बाजूला नेमका त्या जागी रंग उमटला होता. त्यांनी तेवढंच घासलं. मग पुन्हा ठिपका, पुन्हा बसवणं, पुन्हा घासणं. शेवटी टूथपेस्ट आणि ओढणीसारख्या मऊ फडक्याने ती जागा गुळगुळीत केली. त्या अर्ध्या तासात ते एकच शब्द बोलले, "उघडा." पण तो शब्द त्यांनी अशा मायेने उच्चारला की म्हातारी लहान मुलीसारखी ऐकत राहिली.

टोपलीत सफरचंदं होती. म्हातारीने एक उचललं. चिरायला सुरी घेतली, मग सुरी ठेवून दिली. डावीकडून चावा घेतला. कर्रकन आवाज झाला. ती चावत राहिली, तिच्या डोळ्यांतून पाणी येत राहिलं, आणि तिने ते पुसलं नाही, कारण एका हातात सफरचंद होतं आणि दुसऱ्या हाताने तिने बाईंचा हात धरला होता.

मग ती हसली. हात न लावता. आणि हसता हसता थांबून बाईंच्या तोंडाकडे बघू लागली.

"अहो, तुमचाही तसाच आहे!"

"काय?"

"हा दात. सुळ्याशेजारचा. तिरका."

बाईंनी जिभेने चाचपून पाहिलं. जन्मापासून तो दात तिथे तसाच होता. लहानपणी आई म्हणायची, तारा लावून घेऊ. ते राहूनच गेलं. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. दातार कानस धूत होते. फार मन लावून धूत होते. कानसाला इतकं धुवावं असं काही लागलेलं नव्हतं.

खोलीत आल्यावर बाई म्हणाल्या, "अकरा वर्षं?"

"अं?"

"अकरा वर्षं तुम्ही माझा दात गावभर वाटताय?"

दातार पलंगाच्या कडेवर बसून मोजे काढत होते. "पुस्तकात दिलेले सगळे सरळ होते," ते म्हणाले. "खरं तोंड मी जवळून एकच पाहिलं होतं."

बाई आरशासमोर जाऊन उरलेली लिपस्टिक पुसत बसल्या. ती आधीच पुसली गेली होती.

निघायच्या दिवशी सकाळी खाली तीन म्हाताऱ्या येऊन बसल्या होत्या. मालकीणबाईच्या मैत्रिणी. एकीने तर कवळी आधीच काढून रुमालात धरली होती. दातारांनी तिन्ही पाहिल्या. दोन त्यांच्या निघाल्या. तिसरी हातात घेताच म्हणाले, "ही माझी नाही." पण ती बाई असा केविलवाणा चेहरा करून बसली की तिचीही घासून दिली. त्यात बस चुकली. पुढची बस यायला तीन तास होते, ते त्यांनी चार म्हाताऱ्यांबरोबर सफरचंदं खात काढले. बाईंच्या मते त्यांचा लग्नाचा वाढदिवस खरा तेव्हा साजरा झाला.

पण गोष्ट तिथे थांबली नाही. त्या तिघींपैकी एक आपल्या डॉक्टरकडे गेली आणि म्हणाली, "तुम्हाला वर्षभरात जमलं नाही ते एका पाहुण्याने दहा मिनिटांत केलं. नखांच्या कानसाने." डॉक्टरला राग येणं साहजिक होतं. त्याने शोध घेतला, लॅबला कळवलं, आणि पंधरा दिवसांनी दातारांच्या हातात एक पत्र पडलं. मालक म्हणाला, "तुझ्या कामाबद्दल शब्द नाही. पण पेशंटच्या तोंडात हात घालायचा तुला परवाना नाही. पुन्हा झालं तर मला तुला ठेवता येणार नाही."

दातार घरी आले, पत्र टेबलावर ठेवलं आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. जेवले नाहीत. बाईंनी पत्र वाचलं. एकदा वाचलं, मग पेन्सिल घेऊन पुन्हा वाचलं, जशा त्या पूर्वी पेपर तपासत.

"अहो, इथे लिहिलंय, परवाना नसताना."

"हो ना. नाही माझ्याकडे."

"म्हणजे परवाना असतो. कुणालातरी मिळतो."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्या चौकशी करून आल्या. परवाना खरंच होता. कवळी करणाऱ्याला थेट पेशंट तपासायची मुभा देणारा. त्याला तीन परीक्षा होत्या. लेखी, हाताची आणि तोंडी. दातारांनी तिसरा शब्द ऐकला आणि म्हणाले, "राहू दे."

"का?"

"बोलावं लागेल."

बाईंनी त्याच संध्याकाळी स्वयंपाकघराच्या भिंतीला कागद लावले. इथे त्यांचं सर्टिफिकेट चालत नव्हतं, पण घरात कुणी ते मागितलं नव्हतं. गृहपाठ असा ठरला, की दातारांनी रोज तीन अनोळखी माणसांशी पाच-पाच वाक्यं बोलायची, आणि घरी येऊन वहीत लिहायची. पहिल्या दिवशी त्यांनी लिहिलं, "शेजाऱ्याला म्हणालो, तुमच्या कुत्र्याचे दात चांगले आहेत." बाईंनी लाल पेनाने शेरा मारला, "विषय बदला." दुसऱ्या दिवशी त्यांनी लिहिलं, "शेजाऱ्याला म्हणालो, तुमचे दात चांगले आहेत." बाईंनी त्यांना शून्य दिलं आणि मग शेजाऱ्याकडे जाऊन माफी मागून आल्या. पण शेजारी खूश होता.

लेखी आणि हाताची परीक्षा दातार पहिल्याच खेपेला पास झाले. तोंडीत नापास झाले. एक परीक्षक पेशंट बनून बसला होता. दातार म्हणाले, "उघडा." त्याने उघडलं. त्यांनी नीट पाहिलं आणि म्हणाले, "खालची दाढ काढायला तुम्ही उशीर केलात." ते खरं होतं, पण अभ्यासक्रमात नव्हतं.

निकालाचा कागद बाईंनी वाचला. रागावल्या नाहीत. शाळेत असतानाही त्या नापास मुलावर रागावत नसत, फक्त त्याला पहिल्या बाकावर आणून बसवत. त्यांनी खुर्ची ओढली, दातारांसमोर बसल्या आणि म्हणाल्या, "मी पेशंट. मला भीती वाटतेय. काय म्हणाल?"

दातारांनी हात पुसले. मग म्हणाले, "कुठे दुखतं?"

"त्याच्या आधी."

"बसा."

"त्याच्याही आधी."

दातारांनी विचार केला. इथल्या भाषेत म्हणाले, "या. मी तुमचीच वाट बघत होतो."

बाईंचा पेन हातातच राहिला. हे वाक्य त्यांनी शिकवलेलं नव्हतं. "पुढे," त्या म्हणाल्या.

सहा महिन्यांनी ते तोंडीही पास झाले. परीक्षकाने शेऱ्यात लिहिलं होतं, "उमेदवार कमी बोलतो, पण पेशंटला ते लक्षात येत नाही." सासूबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "पास झाला ना? मग आता तरी खऱ्या दातांचं काम करू दे त्याला." त्यांना समजावून सांगण्याचा नाद दोघांनी केव्हाच सोडला होता.

लॅबच्या मालकाने हसत निरोप दिला आणि स्वतःच्या वडिलांना दात दाखवायला घेऊन येईन म्हणाला. दातारांनी दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या. मोठी खिडकी, समोर झाडं, माणसं आख्खी दिसतील अशी उंची. पूर्वी तिथे एक शिंपी बसायचा. बाईंनी हरवलेल्या सामानाची नोकरी आठवड्यातून तीन दिवसांवर आणली आणि उरलेले दोन दिवस त्या बाहेरच्या खोलीत टेबल टाकून बसू लागल्या. दातारांनी आपला परवाना भिंतीवर लावला आणि त्याच्या बरोबरीने, बाईंना न विचारता, त्यांचं मराठीतलं सर्टिफिकेटही लावलं. बाई म्हणाल्या, "काढा ते. लोक काय म्हणतील?" दातार म्हणाले, "वाचता आलं तर म्हणतील ना."

पहिल्या दिवशी सकाळपासून कुणी फिरकलं नाही. बाईंनी टेबल तीनदा पुसलं. दातारांनी हत्यारं एका ओळीत लावली, मग दुसऱ्या ओळीत लावली. चारच्या सुमारास जिन्यात पावलं वाजली. एक जाडजूड गृहस्थ धापा टाकत आत आले. निवृत्त बसड्रायव्हर होते असं पुढे कळलं. त्यांच्या हातात एक पँट होती.

"कंबरेत सैल करायचीय," ते म्हणाले. "शुक्रवारपर्यंत मिळेल का?"

शिंपी गेला, आता इथे वेगळं काम चालतं, असं बाई सांगणार होत्या. पण तेवढ्यात दातार आतून बाहेर आले, गृहस्थांच्या तोंडाकडे पाहिलं, पुढे होऊन त्यांच्या हातातली पँट घेतली, खुर्चीच्या पाठीवर नीट घडी करून ठेवली आणि म्हणाले, "या. मी तुमचीच वाट बघत होतो."

गृहस्थ गोंधळले, पण बसले. चार आठवड्यांत त्यांची वरची-खालची दोन्ही तयार झाली. शेवटच्या दिवशी ते आरशात पाहून इतके हसले की खालच्या मजल्यावरचे लोक काय झालं बघायला वर आले. त्यांतल्या दोघांनी पुढची वेळ ठरवून घेतली.

पँट बाईंनी घरी नेऊन स्वतःच सैल करून दिली होती. शुक्रवारपर्यंत.